किळसबाईचे साठ श्वास

किळसबाईला किळस येणार नाही अशी वस्तू शोधायला बसलो तर दिवस मावळेल, असं तिचा नवरा म्हणायचा. नाव मात्र त्याने ठेवलेलं नव्हतं, ते माहेरचं होतं. लहानपणी कुणी उष्टा पेला पुढे केला की ही पानावरून उठायची. बसमध्ये दांडी धरायची वेळ आली तर रुमालातून धरायची. सासरी आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने सासूच्या भांडी घासायच्या घासणीकडे असं काही पाहिलं, की सासूने ती घासणी त्याच दिवशी फेकली आणि पुढे वर्षभर ती गोष्ट येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवली.

आता अशा बाईने करावं काय, तर नगरपालिकेच्या आरोग्य खात्यात निरीक्षकाची नोकरी. गटारं, कचराकुंड्या, खानावळींचे मागचे दरवाजे. आठ दिवसांत पळून येईल, असं घरात सगळ्यांना वाटलं होतं. ती अकरा वर्षं टिकली. जिथून बाकीचे नाक दाबून पळत, तिथे ती उभी राही, तोंड वाकडं करी, पोटात ढवळलं की समाधानाने वही काढी आणि लिही, 'जिन्याखाली मेलेला उंदीर, दोनतीन दिवसांचा.' आणि उंदीर निघायचा. हाताखालचे लोक म्हणायचे, बाईंचं नाक सरकारजमा करायला पाहिजे.

म्हणूनच छत्तिसाव्या वर्षी खात्याने तिला एक वर्षाच्या रजेवर परदेशी पाठवलं. तिथल्या विद्यापीठात हवेतले वास मोजायचं शिक्षण होतं. प्रबंध लिहायचा, पदवी आणायची, आणि आल्यावर खात्याच्या प्रमुखाची रिकामी झालेली खुर्ची तिची, असं ठरलेलं. खुर्चीवर दुसऱ्या दोघांचा डोळा होता. पदवी नाही तर खुर्ची नाही, हे साहेबांनी निरोपाच्या चहाला हसत हसत दोनदा सांगितलं.

तिथे पोचल्यावर आधी नाकाची परीक्षा झाली. बाटलीतला एक ठरावीक वास पातळ करत करत हुंगायला देतात, कुठपर्यंत येतो ते बघतात. फार बोथट नाक चालत नाही. आणि फार तिखटही चालत नाही, कारण मोजायचं असतं ते चारचौघांना काय वाटेल ते. किळसबाई वरच्या रेषेवर अगदी कशीबशी मावली. मार्गदर्शक मॅडम म्हणाल्या, "तुमचं नाक आणखी जरा चांगलं असतं, तर मला तुम्हाला परत पाठवावं लागलं असतं." हे कौतुक की काय, ते तिला कळलं नाही.

काम असं होतं. शहराच्या एका भागाच्या नकाशावर चौकटी आखायच्या. चौकटींचे कोपरे मिळून चोवीस जागा. प्रत्येक जागी दहा मिनिटं उभं राहायचं. हातातलं यंत्र दर दहा सेकंदांनी टिकटिकतं. टिक झालं की एक श्वास घ्यायचा आणि कागदावरच्या घरात आकडा टाकायचा. शून्य म्हणजे काही नाही, एक म्हणजे गटार, दोन म्हणजे कारखाना, तीन म्हणजे गाड्यांचा धूर. दहा मिनिटांत साठ श्वास, साठ घरं. साठपैकी सहा घरांत दोन आला, की त्या वेळी त्या जागी कारखान्याचा वास आहे असं धरायचं. चार महिने, आठवड्यातून पाच दिवस, रोज आठ जागा. अत्तर नाही, सुगंधी साबण नाही, कामाआधी कच्चा कांदा नाही. आणि गाडी नाही, कारण गाडीत बसलं की गाडीचाच वास नाकात बसतो. म्हणून सायकल.

सायकल विद्यापीठाची, कैक विद्यार्थ्यांनी वापरून गुळगुळीत केलेली. तिच्या सीटवर किती जण बसले असतील याचा हिशेब मनात सुरू झाला आणि किळसबाईने तिथल्या तिथे सीटला प्लास्टिकची पिशवी बांधली. मुठी जंतुनाशकाने तीनदा पुसल्या. पहिल्या दिवशी चढावर ती इतकी धापा टाकत होती, की उघड्या तोंडात एक माशी गेली. ती उतरली, थुंकली, चूळ भरली, पुन्हा भरली. रात्री नवऱ्याला फोनवर सांगितलं तर तो म्हणाला, "चला, परदेशात जाऊन काहीतरी तोंडात घातलंस म्हणायचं."

लोक परदेशी शहरं बघतात, फोटो काढतात. हिने शहर हुंगलं. पुलाजवळ नदीचा वास, कुजल्या पाल्याचा. बेकरीच्या पुढच्या दारी गरम पाव आणि मागच्या गल्लीत आंबलेलं पीठ, उंदरांची लेंडी. रस्ते असे झाडलेले की दाढी केल्यासारखे, पण झाकणाखालून येणारा गटाराचा वास तिच्या गावच्या गटारासारखाच अस्सल. सुंदर कारंज्याच्या कडेला माणसं मुतत होती, हे तिने पहिल्याच फेरीत ओळखलं आणि पुन्हा त्या कारंज्याशेजारच्या बाकावर कधी बसली नाही. छान कोट घातलेले लोक कुत्र्याला ओठांवर चाटू देतात, नाक शिंकरलेला रुमाल घडी घालून पुन्हा खिशात ठेवतात, हे पाहून तिच्या अंगावर काटा यायचा. स्वच्छ म्हणवणारं शहर नुसतं वरवर पुसलेलं आहे, असं तिचं मत झालं आणि ते बदलायची तिला गरज वाटली नाही.

खरी शिसारी आणली ती वसतिगृहाच्या न्हाणीघराने. बारा जणींत एक. मोरीच्या जाळीवर रोज सकाळी केसांचा ओला गुंता, सोनेरी, काळे, लाल, सगळे एकात एक. महिनाभर ती डोळे मिटून आंघोळ करत होती. एका सकाळी तो गुंता तिच्या अंगठ्याला चिकटला. त्याच दुपारी ती सायकल घेऊन खोली शोधायला बाहेर पडली.

खोली मिळाली ती रविवारी. घरमालकीण सत्तरीची विधवा, जन्मभर धुलाईखान्यात काम केलेली. तिने न्हाणीघराचं दार उघडलं आणि किळसबाईच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. फरशीत तोंड दिसत होतं. टॉवेल उकळून, दाबून, एकावर एक रचलेले. आणि हे सगळं तिचं एकटीचं, मालकीणबाईंचं वेगळं. तिने उभ्या उभ्या होकार दिला. वसतिगृहात असताना विद्यापीठाच्या अर्जावर तिने तिथलाच पत्ता लिहिलेला होता, तो बदलायला हवा हे तिच्या डोक्यातही आलं नाही. 'मोजणाऱ्याने मोजायच्या भागात राहू नये' अशी एक ओळ त्या अर्जावर होती. ती तिने वाचली होती, सही केली होती आणि न्हाणीघर पाहून विसरली होती.

सोमवारी सकाळी वास आला. दोन गल्ल्या पलीकडे कत्तलखान्यातली उरलीसुरली हाडं, आतडी, चरबी मोठाल्या कढयांत उकळून तेल आणि पावडर काढायचा कारखाना होता. रविवारी तो बंद असतो. वास गोड होता, हेच त्यातलं सगळ्यात घाणेरडं. गोड, जाड, जिभेवर थर चढवणारा. किळसबाई चकाकत्या न्हाणीघरात गुडघ्यांवर बसून ओकली. पण ओकताना आजूबाजूला एकही केस नव्हता. ती राहिली. खिडक्या बंद ठेवल्या, दाराच्या फटीत कापड कोंबलं. आठदहा दिवसांत वास कमी झाला. तिला वाटलं, मावशींच्या घासण्यापुसण्याचा गुण.

मावशी म्हणजे मालकीणबाईच. त्या कधीही कपडे अंगणात वाळत घालत नसत, सगळं घरात. त्यांची लेक शहराच्या दुसऱ्या टोकाला राहायची. नात पाच वर्षांची, पण आजीच्या घरात एकदाच आली होती. दारातच उलटी केली, रडली, तेव्हापासून लेक तिला आणत नव्हती. मावशींनी त्या दिवसापासून नगरसभेकडे तक्रारी लावल्या होत्या. कारखान्याला झाकणं बसवा, धुराड्याला गाळणी लावा. शेवटी नगरसभेने विद्यापीठाला मोजायला सांगितलं, ते हेच मोजमाप.

"बरं झालं तू माझ्याच घरी आलीस," मावशी म्हणायच्या. "आता तू लिहिशील. नाहीतर माझं कोण ऐकतंय!"

मोजणी सुरू झाली तशी किळसबाई रोज सकाळी घरातून निघायची आणि पहिल्या तीन जागा घराजवळच्याच घ्यायची, वाटेवर होत्या म्हणून. तिसरी तर मावशींच्या कुंपणालगत. टिक, श्वास, शून्य. टिक, श्वास, शून्य. साठ घरांत दोनचा आकडा कधी एकदा यायचा, कधी तोही नाही. बाकी वास तिला लख्ख येत होते. बेकरी, गटार, कुणाच्या तरी सिगारेटचा कालचा धूर. महिन्यातून एकदा बाटलीवर नाकाची परीक्षा व्हायची, त्यात ती पास. तेव्हा शंका यायचं कारणच काय? हळूहळू तिचं असं मत झालं की मावशी तिळाचा ताड करतात. म्हाताऱ्या माणसाला काहीतरी उद्योग हवा. एकदा फोनवर ती नवऱ्याला म्हणाली, "अरे, वास असतो, पण इतका काही नाही."

"हे तू म्हणतेयस?" त्याने विचारलं. तिने हसण्यावारी नेलं.

वर्गातल्या लोकांबद्दल मात्र तिच्या मनात अढी बसत गेली. बाकावर तिच्या शेजारची जागा रोज रिकामी राही. ती आली की दोघीतिघी बोलत बोलत दुसरीकडे सरकत. मॅडमच्या खोलीत गेली की मॅडम उठून खिडकी उघडत, भर थंडीत. 'परक्या माणसाची यांना घाण वाटते,' ती मनात म्हणायची, 'स्वतः कुत्र्यांची तोंडं चाटतात ते चालतं.' तिने त्यांच्यावर दुप्पट नाक मुरडायला सुरुवात केली. रिकामी खुर्ची ती आता पिशवी ठेवायला वापरू लागली.

चार महिने संपले. आकडे गेले, अहवालाचा मसुदा नगरसभेकडे गेला. पुढच्या गुरुवारी सुनावणी होती. त्याआधी सगळा वर्ग दहा दिवस समुद्रकाठच्या एका गावी पाणी शुद्ध करायचं केंद्र बघायला गेला. तिथे कपडे दोनदा यंत्रात धुऊन मोकळ्या वाऱ्यात वाळले. परतीच्या प्रवासात एक सहाध्यायी आपणहून तिच्या शेजारी येऊन बसली, गप्पा मारल्या, सफरचंदाची फोड दिली. किळसबाईला वाटलं, चला, हे लोक माणसात आले एकदाचे.

सोमवारी दुपारी तिने स्टेशनावरची सायकल सोडवली आणि घराकडे निघाली. पुलाचं वळण घेतलं आणि तो वास भिंतीसारखा तोंडावर आदळला. तीच गोड, जाड घाण. तिने सायकल टाकली, कुंपणापर्यंत कशीबशी पोचली आणि ओकली. बुटांवर, बाहीवर, सगळीकडे. मान वर केली तेव्हा ती तिसऱ्या जागेवर उभी होती. जिथे चार महिने तिने शून्य, शून्य, शून्य लिहिलं होतं.

दार उघडून मावशी तांब्याभर पाणी घेऊन धावत आल्या. चेहरा लग्नघरासारखा फुललेला.

"आला ना? आला ना तुला वास?"

तिने मान हलवली. बोलायला तोंड स्वच्छ नव्हतं.

मावशी जवळ सरकल्या. आवाज एकदम खाली आणला. "कसा आहे गं तो? सांग ना. मला कधीचा येत नाही. तीसेक वर्षं झाली. नातीने उलटी केली तेव्हा मला कळलं, अजून आहे म्हणून."

किळसबाई तिथेच पायरीवर बसली. बाईच्या तीस वर्षांचा वास आपण चार महिन्यांत पचवला आणि वर तिलाच खोटं ठरवलं, हे तिला एका घोटात कळलं. स्वतःची इतकी किळस तिला कधीच आली नव्हती. तिने यंत्र काढलं. टिक. दोन. टिक. दोन. साठ श्वासांत साठ दोन. मधे दोनदा उठून ओकावं लागलं. मावशी शेजारी बसून एकेक आकडा बघत होत्या.

मग ती खोलीत गेली, कपाट उघडलं आणि पुन्हा बाहेर पळाली. कपाटात दहा दिवस बंद राहिलेले तिचे स्वच्छ, इस्त्रीचे कपडे त्याच चरबीच्या वासाने भिजलेले होते. ती वर्गातली रिकामी खुर्ची. ती मॅडमची खिडकी. अकरा वर्षं लोकांच्या दारात नाक मुरडत गेलेली ती, चार महिने घाणेरडी होऊन फिरत होती आणि लोकांवर नाक मुरडत होती.

दुसऱ्या दिवशी तिने कपाटातला एक स्वेटर मॅडमसमोर टेबलावर ठेवला. मॅडमचा हात आपोआप खिडकीकडे गेला.

"थांबा," किळसबाई म्हणाली. "आधी सांगा, हा वास माझ्या अंगाला रोज यायचा ना?"

मॅडम लाल झाल्या. "यायचा. मला वाटलं, तुमच्याकडच्या स्वयंपाकाचा असेल. विचारणं बरं दिसलं नसतं."

"तुम्ही वासाच्या प्राध्यापक!"

"हो," मॅडम म्हणाल्या.

किळसबाईने मावशींकडच्या खोलीची आणि शून्यांची हकीकत सांगितली, तेव्हा मॅडमनी सरळ सांगितलं. पत्ता लपवला गेला, मोजणारीच त्या भागात राहिली, तर सगळी मापनं रद्द. मापनं रद्द तर प्रबंध रद्द. पुन्हा चार महिने मोजायचं आणि हिची रजा उरली सहा आठवडे. "तुम्ही काही बोलला नसतात तर कुणालाही कळलं नसतं," मॅडम म्हणाल्या. त्यात सल्ला होता की नुसती खंत, हे किळसबाईने विचारलं नाही. तिने रद्द करायच्या पत्रावर सही केली. त्या रात्री नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "खुर्ची गेली तर गेली. तुझं नाक परत आलं ना?"

गुरुवारी नगरसभेच्या एका छोट्या दालनात समितीचे पाच जण बसले. कारखान्याचा व्यवस्थापक गुळगुळीत दाढीचा, अत्तर लावलेला. मॅडमनी पत्र वाचलं. व्यवस्थापक शांतपणे म्हणाला, "मापनं रद्द, म्हणजे पुरावाच उरला नाही. मग तक्रार कशाच्या जोरावर?"

समितीचे लोक एकमेकांकडे बघू लागले. मावशींनी खुर्चीची कड घट्ट धरली.

किळसबाई उठली. तिने घट्ट गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी टेबलावर ठेवली आणि सोडली. आत मावशींचा टॉवेल होता.

"हा परवा उकळून धुतलाय," ती म्हणाली. "जन्मभर धुलाईखान्यात काम केलेल्या बाईने. मग घरात वाळवलाय, खिडक्या लावून. ज्याला हवं त्याने तोंड पुसून बघावं."

कुणी हात लावला नाही. समितीतल्या पहिल्या बाई मागे सरकल्या. शेजारच्या गृहस्थांनी रुमाल नाकाला लावला. एकाने घसा खाकरला, उठला आणि जाऊन दार उघडलं. व्यवस्थापकाच्या अत्तराचा काही उपयोग झाला नाही, त्याचंही तोंड वाकडं झालं. किळसबाई एकेक चेहरा बघत होती. इतकी वाकडी तोंडं पाहून तिला आयुष्यात प्रथमच बरं वाटलं.

ठरलं ते असं. दुसऱ्या गावाहून माणसं आणून नव्याने मोजायचं आणि तोवर कढया उघड्या उकळायच्या नाहीत, झाकणं बसवायची. किळसबाईला हजेरीचा एक कागद मिळणार होता. तेवढा घेऊन सहा आठवड्यांनी ती परत जाणार आणि खुर्चीवर दुसराच कुणीतरी बसलेला असणार. साहेब हसत हसत काय म्हणतील, तेही तिला पाठ होतं.

बाहेर व्हरांड्यात बाकावर मावशी बसल्या होत्या. आत किती आनंदात होत्या, आणि आता मान खाली घातलेली. किळसबाईला वाटलं, दमल्या असतील.

"मावशी, जिंकलात की!"

मावशींनी आपल्या लोकरी बाहीचं टोक नाकाशी नेलं. हुंगलं. पुन्हा हुंगलं. त्यांना काहीच आलं नाही, हे चेहऱ्यावर दिसत होतं.

"त्या पहिल्या बाई मागे सरकल्या ना," त्या म्हणाल्या, "टॉवेल उघडल्यावर. तसं तोंड मी आधी पाहिलंय. लेकीकडे जाते ना मी, तिच्या घरी. दारात ती मला मिठी मारते तेव्हा श्वास धरून ठेवते. मला वाटायचं, भरून येतं तिला."

परक्या माणसाच्या अंगाला अंग लावायची किळसबाईला सवय नव्हती, आणि हौस तर त्याहून नव्हती. ती बाकावर सरकली, मावशींच्या खांद्याभोवती दोन्ही हात घातले आणि त्यांच्या मानेजवळ, जिथे वास सगळ्यात दाट होता तिथे, नाक ठेवून पूर्ण श्वास घेतला. घशाशी आलेलं गिळलं. तिने दुसरा श्वास घेतला.